पदवी घेता घेता शिक्षक होण्याची पात्रता: नाशिककरांपुढच्या तीन वाटांचं परीक्षण

बारावीचा निकाल लागला की गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या फलकांवर एक ओळ हमखास दिसते: पदवी आणि बी.एड. एकत्र, एक वर्ष वाचवा. वर्ष वाचतं, हे खरं आहे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं बी.एड. मिळून पाच वर्षं होतात, एकात्मिक अभ्यासक्रम चारात संपतो. फलकावर नसतं ते एवढंच, की चार वर्षांनी हातात पडणारा कागद म्हणजे वर्गात उभं राहण्याचा परवाना नव्हे. आपल्याकडे असा एकच परवाना कुणीच देत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची मान्यता असलेली व्यावसायिक पदवी किंवा पदविका लागते. पहिली ते आठवीसाठी त्यावर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. जिल्हा परिषद, महापालिका किंवा अनुदानित शाळेत जायचं तर टेट या वेगळ्या अभियोग्यता चाचणीचे गुण आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. अनुदानित शाळेत नेमणूक झाल्यावरही शिक्षणाधिकाऱ्यांची त्या नेमणुकीला वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ या वेतन प्रणालीतला क्रमांक येईपर्यंत पगार सुरू होत नाही. कोर्स निवडताना तो या साखळीतली कोणती कडी देतो, हे बघायचं.

त्याहीआधी ठरवायचं ते इयत्तेचं. आमच्या मते निम्मे चुकीचे प्रवेश इथेच होतात. पहिली ते पाचवीला डी.एल.एड., म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका लागते, बी.एड. चालत नाही. २०१८ मध्ये एनसीटीईने बी.एड.वाल्यांना प्राथमिकचं दार उघडून दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर ते बंद झालं. सहावी ते आठवीला पदवीसोबत डी.एल.एड. किंवा बी.एड., दोन्हीपैकी काहीही चालतं. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. हवं, तिथे सध्या टीईटीची अट नाही. अकरावी-बारावीला त्या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण आणि बी.एड. लागतं. म्हणजे चार वर्षांचा कोर्स करून कुणी कनिष्ठ महाविद्यालयात जाऊ म्हणत असेल, तर पुढे एम.ए. किंवा एम.एस्सी. धरावंच लागेल.

पहिली वाट: चार वर्षांचा एकात्मिक कोर्स

या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि माहितीपत्रकात त्यांची सरमिसळ असते.

जुना प्रकार म्हणजे एनसीटीईच्या २०१४ च्या नियमावलीतला बी.ए.बी.एड. आणि बी.एस्सी.बी.एड. त्याला राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाची प्रवेश परीक्षा असायची आणि बारावीला खुल्या प्रवर्गासाठी ५०, राखीवसाठी ४५ टक्के लागायचे. तो उच्च प्राथमिक आणि माध्यमिकसाठी घडवलेला होता, प्राथमिकसाठी नाही. नवा प्रकार आयटीईपी, म्हणजे एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रम. त्याची अधिसूचना २०२१ ची, पहिली तुकडी २०२३-२४ ची. यात बी.ए., बी.एस्सी. आणि बी.कॉम. तिन्हींसोबत बी.एड. आहे. प्रवेश राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या एनसीईटी परीक्षेतून होतो: तीन तास, १६० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा. दोन भाषा, तीन विषय, सामान्य चाचणी आणि अध्यापन अभियोग्यता असे तिचे भाग आहेत. पेपर मराठीतूनही देता येतो. फॉर्म भरताना तीन विषय निवडायचे असतात, आणि ज्या पदवीला जायचं तिच्याशी ते जुळले नाहीत तर गुण चांगले पडूनही प्रवेश अडतो. परीक्षेच्या तयारीला लागण्याआधी हव्या त्या विद्यापीठाची विषयांची अट वाचून घ्या.

जुन्या कोर्सच्या संस्थांनी आयटीईपीकडे वळावं, हे एनसीटीईचं धोरण आहे. त्यामुळे कोणी आज बी.ए.बी.एड. देऊ करत असेल तर पहिला प्रश्न एकच: यंदाच्या तुकडीला हा कोर्स कोणत्या आदेशाने चालू आहे? उत्तर तोंडी घेऊ नका. एनसीटीईचा मान्यता आदेश, विद्यापीठाचं चालू वर्षाचं संलग्नता पत्र आणि सीईटी कक्षाच्या यादीतला संस्थेचा क्रमांक, असे तीन कागद समोर ठेवायला सांगा. आयटीईपी असेल तर तिसऱ्या कागदाऐवजी राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या माहितीपत्रकातल्या यादीत संस्थेचं नाव शोधा. आदेशावर प्रवेशक्षमता लिहिलेली असते, एका तुकडीला ५० अशी. वर्गात ७० मुलं बसवली असतील तर वरच्या २० जणांचं काय होणार, हा प्रश्न आधी विचारलेला बरा. आयटीईपीच्या आदेशावर स्तरही असतो: पायाभूत, पूर्वतयारी, पूर्व माध्यमिक की माध्यमिक. संस्थेला माध्यमिकची मान्यता असेल तर तिथून बाहेर पडणाऱ्याने प्राथमिकची जागा मागण्यात अर्थ नाही.

कोर्स म्हणून आयटीईपीचा आराखडा चांगला आहे, हे मान्य करायला हवं. शिक्षणशास्त्र आणि मुख्य विषय अशी दुहेरी पदवी मिळते, त्यामुळे पुढे एम.ए., एम.एस्सी.चा रस्ता मोकळा राहतो. शाळेशी ओळख शेवटच्या वर्षी घाईघाईत न होता आधीपासून होते. बालमानसशास्त्र एकोणिसाव्या वर्षी वाचलं आणि त्याच सत्रात चौथीच्या वर्गात बसून पाहिलं, तर ते डोक्यात राहतं. उणं दोन ठिकाणी पडतं. महाराष्ट्रात आयटीईपीच्या संस्था अजून मोजक्या आहेत, म्हणजे नाशिकच्या मुलाला वसतिगृहाचा खर्च धरून हिशेब करावा लागतो. आणि विषयाची खोली. मुख्य विषयाचे तास शिक्षणशास्त्राशी वाटून घ्यावे लागत असल्याने गणित-भौतिकशास्त्राच्या मुलाला साध्या बी.एस्सी.च्या मुलाइतका सराव मिळत नाही. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा स्वतंत्र आहे की शेजारच्या कनिष्ठ महाविद्यालयाची उसनी, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. मध्येच कोर्स सोडावा लागला तर हातात काय उरतं, हेही विद्यापीठाच्या नियमातून लेखी मिळवा. नाहीतर आठवं सत्र सुटेपर्यंत काहीच नाही, असं धरून चाला.

शिक्षकच व्हायचं हे बारावीलाच पक्कं असेल, तर हा कोर्स घ्यावा. बी.एस्सी. झाल्यावर बघू, असं ज्याच्या मनात आहे त्याने तो घेऊ नये. वर्ष वाचतं, पण वाट बदलायची मोकळीक जाते.

दुसरी वाट: आधी पदवी, मग बी.एड.

ही जुनी आणि सर्वांना माहीत असलेली वाट आहे, म्हणून थोडक्यात. बी.एड.ला पदवी ही प्रवेशाचीच अट असल्याने दोन्ही एकाच वेळी होत नाहीत. पदवीच्या शेवटच्या वर्षात असताना सीईटी मात्र देता येते आणि दिलीच पाहिजे. नाहीतर एक वर्ष फुकट जातं. ९० मिनिटांत १०० प्रश्न: बुद्धिमत्ता ४०, सामान्य ज्ञान ३०, अध्यापन अभियोग्यता ३०. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड.ला वेगळी इंग्रजी चाचणीही आहे. केटीएचएम किंवा एचपीटी-आरवायके अशा जुन्या महाविद्यालयातून विषय नीट शिकून मग बी.एड.ला आलेला विद्यार्थी सराव पाठात आशयावर अडत नाही. या वाटेची खरी ताकद ती आहे.

प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे, पण व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ती सवलत जाते. संस्थेने सांगितलेली फी आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी ताडून पाहा. ‘विकास निधी’, ‘गणवेश व सहल’ अशा नावांनी वर काय चढवलंय ते लगेच दिसतं. एक वर्षाच्या बी.एड.ची चर्चा फेब्रुवारी २०२५ च्या मसुद्यामुळे पुन्हा सुरू झाली. तो मसुदा चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी आहे. तीन वर्षांच्या पदवीवाल्याने त्याची वाट बघत बसू नये.

तिसरी वाट: डी.एल.एड. आणि सोबत मुक्त विद्यापीठाची पदवी

जाहिरात कुणी करत नाही, पण शब्दशः ‘पदवी घेता घेता पात्रता’ ती हीच. बारावीनंतर दोन वर्षांचं नियमित डी.एल.एड. आणि त्याच वेळी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची बी.ए. मुक्त विद्यापीठाचं मुख्यालयच गोवर्धनला, गंगापूर धरणाच्या रस्त्यावर आहे, त्यामुळे नाशिकच्या विद्यार्थ्याला कागदपत्रांच्या अडचणीसाठी लांब जावं लागत नाही. डी.एल.एड.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के, राखीवला ४४.५. प्रवेश परीक्षा नाही. दोन वर्षांनी पहिली ते पाचवीची पात्रता हातात येते, तिसऱ्या वर्षी पदवी झाली की सहावी ते आठवीचीही. खर्च तिन्ही वाटांत सर्वांत कमी.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. डी.एल.एड. हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे: वर्षाला २०० दिवस, आठवड्याला ३६ तास. दुसरीकडेही नियमित महाविद्यालयात नाव घातलं तर दोन्ही हजेरीपत्रकांवर एकाच वेळी सही दिसते आणि पुढे कागदपत्रांच्या तपासणीत ते निघतं. म्हणून एक नियमित, एक मुक्त, हाच मेळ. दोन्हीच्या परीक्षा उन्हाळ्याच्या सुमारास येतात आणि तारखा एकमेकींवर चढू शकतात. अशा वेळी डी.एल.एड.चा पेपर धरायचा आणि मुक्त विद्यापीठाचा विषय पुढच्या परीक्षेला द्यायचा. उलट केलं तर पात्रताच एक वर्ष लांबते. अभ्यासकेंद्र निवडताना घराजवळचं न बघता, संपर्क सत्रं खरोखर होतात आणि गृहपाठ वेळेवर तपासून वर जातात असं केंद्र बघा. गृहपाठाचे गुण न पोहोचल्याने निकाल राखीव राहणं, ही इथली नेहमीची तक्रार.

आणखी एक मेख पदवीच्या विषयात आहे. सहावी ते आठवीची पदवीधर शिक्षकाची पदं भाषा, सामाजिक शास्त्र आणि गणित-विज्ञान अशी विभागलेली असतात. मुक्त विद्यापीठाची बी.ए. केली की गणित-विज्ञानाची जागा गेली. बारावी विज्ञान झालेल्याने हा विचार आधीच करावा.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा, कारण नाशिकमध्ये तो फार पसरलेला आहे. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. हे नुकत्याच पदवी घेतलेल्यांसाठी नाही. दूरशिक्षणाच्या बी.एड.ला एनसीटीईची अटच अशी, की उमेदवार प्राथमिकचा प्रशिक्षित सेवारत शिक्षक असावा किंवा त्याने समोरासमोरच्या पद्धतीने एखादा मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा. म्हणजे डी.एल.एड. करून नोकरीला लागलेल्या शिक्षिकेला ते उत्तम, नुसत्या बी.कॉम.वाल्याला नाही. ‘मुक्तचं बी.एड. घरबसल्या करून देतो’ म्हणणारा मधला माणूस भेटला तर त्याला पैसे देऊ नका.

सराव पाठ आणि आंतरवासिता: दर्जा इथे कळतो

कोणतीही वाट घ्या, संस्थेची परीक्षा इथे होते. दोन वर्षांच्या बी.एड.ला आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतल्या कामासाठी, एकूण २० आठवडे जायचं असतं: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. हजेरी अभ्यासाला ८० टक्के, आंतरवासितेला ९० टक्के. संस्थेत चौकशीला जाल तेव्हा मागच्या वर्षीच्या एखाद्या छात्राध्यापकाची पाठांची वही बघायला मागा. पाठ टाचणात आशय, अध्यापक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन आणि मूल्यमापन असे रकाने असतात. ‘विद्यार्थी कृती’ खाली प्रत्येक पानावर ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’ एवढंच लिहिलेलं दिसलं, तर तिथे पाठ कुणी वाचत नाही असं समजा. निरीक्षकाचा शेरा ‘चांगला प्रयत्न’ एवढ्यावर थांबत असेल तर तेच. चांगला निरीक्षक ‘प्रस्तावनेला १२ मिनिटे गेली, मूल्यमापन राहिले’ असं लिहितो. ३५ मिनिटांच्या तासिकेत नवख्याचं घोडं नेमकं तिथेच अडतं: प्रस्तावना पाच मिनिटांत संपवायची असते, पण मुलं अपेक्षित उत्तर देईनात की तो प्रश्नामागून प्रश्न विचारत राहतो. सूक्ष्म पाठ पाच-सहा मिनिटांचे ठेवतात ते एवढ्यासाठीच. प्रश्न विचारणं, स्पष्टीकरण, फलकलेखन ही कौशल्यं एकेक करून घोटली जावीत. काही ठिकाणी ते पाठ एकाच दुपारी ‘उरकले’ जातात; मग सोळा आठवड्यांत तीच चूक रोज दिसते.

आंतरवासितेची शाळा कोणती मिळते, हे विचारा. शहरातल्या खासगी शाळेत अनेकदा छात्राध्यापकाला बदली तासांवर आणि वह्या तपासण्यावर बसवतात. त्र्यंबक, पेठ किंवा सुरगाण्याकडच्या शाळेत तास हमखास मिळतात. शिवाय घरी कोकणा बोलणाऱ्या दुसरीतल्या मुलासमोर पाठ्यपुस्तकातली मराठी तशीच वाचून चालत नाही. चित्र दाखवावं लागतं, वस्तू हातात द्यावी लागते, वर्गातल्या मोठ्या मुलाकडून शब्द विचारून घ्यावा लागतो. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे आणि आश्रमशाळांची भरती हा इथल्या उमेदवारांसाठी मोठा पर्याय आहे. तिकडे जायची तयारी असेल तर आंतरवासिताही तिकडेच मागून घ्या.

‘न येता बी.एड.’ हा प्रकार उघडपणे चालतो. दोन वर्षांत फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघू. त्याच काळात उमेदवार दुसरीकडे पूर्णवेळ नोकरी करत असतो आणि त्या नोकरीचा अनुभवाचा दाखलाही घेऊन ठेवतो. पुढे वैयक्तिक मान्यतेच्या प्रस्तावात एकाच तारखांची दोन प्रमाणपत्रं शेजारी शेजारी लागतात. तिथे अडकलेलं प्रकरण सोडवायला ती संस्था येत नाही.

टीईटी आणि टेट कधी द्यायची

दोन्ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, पण काम वेगळं. टीईटी पात्रतेची: १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, उणे गुण नाहीत. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. राखीवला ५५ टक्के. पेपर एक पहिली ते पाचवीचा, पेपर दोन सहावी ते आठवीचा. पेपर दोनमध्ये ६० गुण गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्राचे असतात. आपल्या पदवीला धरून निवडा. बालमानसशास्त्राचे ३० गुण कोर्समध्ये शिकलेल्यावर सुटतात. बहुतेकांची गाडी अडते ती गणिताच्या ३० गुणांवर, विशेषतः कला शाखेच्या मुलांची पेपर एकला. प्रमाणपत्र आता आजीवन चालतं, त्यामुळे लांबणीवर टाकण्यात काहीच मिळकत नाही. केंद्राची सीटीईटी शेवटच्या वर्षात असतानाच देता येते आणि पवित्रवर ती धरली जाते. दोन्ही द्या, जी आधी निघेल ती. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी होणं बंधनकारक केलं आहे. तेव्हा परीक्षा केंद्रांवर गर्दी राहणार; अर्ज पहिल्या आठवड्यातच भरा.

टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. १२० प्रश्न अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असं काही नाही, गुणांवर पवित्रची यादी लागते. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. बी.एड.चा अभ्यास इथे जवळजवळ उपयोगी पडत नाही. घड्याळ लावून गणित आणि तर्काचा सराव हाच उपाय. ही परीक्षा दरवर्षी होत नाही: २०१७, २०२३ आणि २०२५, एवढ्याच वेळा झाली. २०२५ ला शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसू दिलं होतं, पण व्यावसायिक परीक्षेचं गुणपत्रक सादर करेपर्यंत त्यांचा निकाल राखून ठेवला. चौथ्या वर्षात किंवा डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षात असताना जाहिरात निघाली तर अर्ज भराच.

निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून: मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० रुपये. घरचं गणित या आकड्यावर मांडा, कायम शिक्षकाच्या पगारावर नाही.

पवित्रवर माहिती भरताना अर्ज अडतो तो बहुधा नावाने. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव मधे, विद्यापीठाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर लग्नानंतरचं नाव, टीईटीच्या अर्जात आणखी तिसरंच. लग्न झालेल्या मुलींना राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि विवाह प्रमाणपत्र दोन्ही जोडावं लागू शकतं. जातवैधता आणि नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्राची तारीखही त्या भरतीच्या जाहिरातीतल्या मुदतीत बसावी लागते. जातवैधतेचा अर्ज पदवीच्या दुसऱ्या वर्षीच टाकून ठेवा. समितीकडून कागद यायला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो.